गाडी जवळ येताना सूर चढत नाही

उच्च माध्यमिकच्या वर्गांना मी तेवीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवत आलो आहे आणि त्यांतली निदान वीस वर्षे डॉपलर परिणामाच्या तासाला एक चुकीचे वाक्य मी नेमाने फळ्यावर लिहिले आहे. ते वाक्य असे: ‘गाडी जवळ येऊ लागली की तिच्या शिट्टीचा सूर चढत जातो आणि ती लांब जाऊ लागली की उतरत जातो.’ उत्तरपत्रिकेत हे वाक्य जसेच्या तसे उतरवणाऱ्यांना मी पूर्ण गुणही दिले आहेत. दोन वर्षांपूर्वी फोंड्याहून येणारी, घरी गाणे शिकणारी एक विद्यार्थिनी या वाक्यापाशी अडली आणि उभी राहून म्हणाली, ‘‘सर, सूर चडना, फकत आवाज व्हड जाता.’’ वर्गात हसू पिकले. मी ‘उद्या बघू’ म्हणालो, जे शिक्षकाला उत्तर सुचत नसले की तो म्हणतोच, आणि घरी येऊन कागदावर आकडेमोड करायला बसलो. पंधरा मिनिटांत लक्षात आले की मुलीचे बरोबर होते आणि माझे चूक.

तिचे म्हणणे आधी नीट मांडतो. सरळ रुळावरून एकाच वेगाने येणाऱ्या गाडीची शिट्टी सलग वाजत असेल, तर ती लांब असताना जो सूर आपल्याला ऐकू येतो तो गाडीच्या खऱ्या सुरापेक्षा वर असतो, हे खरे. पण तो तिथून पुढे आणखी वर चढत नाही. गाडी दोन किलोमीटरांवर असली काय आणि दोनशे मीटरांवर असली काय, तो जवळपास तसाच राहतो, गाडी अगदी अंगावर आली की भराभर घसरतो आणि ती पुढे निघून गेल्यावर खालच्या एका सुरावर स्थिर होतो. म्हणजे या साऱ्या प्रवासात सूर वर जाण्याचा एकही क्षण येत नाही. बदल होतो तो केवळ उताराचा. चढत जातो तो आवाजाचा मोठेपणा. अंतर निम्मे झाले की ध्वनीची पातळी सुमारे सहा डेसिबलने वाढते, त्यामुळे चारशे मीटरांवरून पन्नास मीटरांवर येईपर्यंत ती अठरा डेसिबलने वाढलेली असते, आणि इतकी वाढ कानावर आदळत असताना सूरही चढतो आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. न्यूहॉफ आणि मॅकबेथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली याच भासावर शोधनिबंध लिहिला आणि त्याला ‘डॉपलर भ्रम’ असे नावही दिले. तेव्हा फसणारा मी एकटा नव्हतो, एवढेच काय ते समाधान.

आपल्या भाषेनेही या घोटाळ्याला हातभार लावला आहे असे मला वाटते. ‘आवाज चढवू नकोस’ असे आपण म्हणतो तेव्हा मोठ्याने बोलू नकोस असा अर्थ असतो, आणि ‘वरच्या पट्टीत बोलणे’ म्हणजे रागाने ओरडणे, मग ती पट्टी काळी चार असो वा पांढरी एक. पाठ्यपुस्तकाने तारता आणि तीव्रता असे दोन निराळे शब्द आपल्या हाती दिले आहेत. वारंवारतेवर ठरते ती तारता, कंपनांच्या आकारावर ठरते ती तीव्रता. पण बोलताना आपण दोन्हींना ‘चढणे’ हे एकच क्रियापद लावतो. रोज तानपुऱ्यापाशी बसणाऱ्या माणसाला हे दोन्ही वेगळे ऐकण्याची सवय असते आणि मला ती नव्हती, हाच त्या दिवशी वर्गात आमच्यातला फरक होता.

कागदावर पटले तरी कानाने पटवून घ्यायचे म्हणून मी करमळीला जायचे ठरवले. जुन्या गोव्याजवळचे हे कोकण रेल्वेचे स्थानक आहे आणि लोहमार्गाच्या बाजूलाच करमळीचे तळे पसरलेले आहे. हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला दुर्बिणी घेऊन माणसे येतात; त्यांच्यात मोबाईल रुळांकडे रोखून बसलेला एक मास्तर विचित्र दिसणारच. मोबाईलवर ध्वनीच्या वारंवारतेचा आलेख काढणारे एक ॲप घेतले होते, ज्यात वेळ आडवी सरकत जाते आणि वारंवारता उभी दिसते. पहिल्या रविवारी दोन गाड्या गेल्या. दोन्ही वेळा चालकाने शिट्टी लांबवरच वाजवून संपवली आणि माझ्यासमोरून नुसता चाकांचा खडखडाट गेला. दुसऱ्या रविवारी गाडी स्थानकात थांबणारी निघाली, म्हणजे वेग मंदावत जाणारा, हिशेबाला निरुपयोगी. तिसऱ्या खेपेला मात्र न थांबणारी एक मालगाडी शिट्टी दाबून धरतच समोरून गेली आणि पडद्यावर ती रेघ उमटली: बराच वेळ आडवी, मग घसरगुंडीवरून घसरावी तशी खाली, आणि पुन्हा आडवी. रेघा खरे तर दोन होत्या, कारण इंजिनाचा भोंगा एकाच वेळी दोन सूर काढतो. त्या दोन्ही एकदमच घसरल्या. ती सुरुवातीची आडवी रेघ मी घरी येऊन पुन्हा पुन्हा पाहिली, कारण वीस वर्षे मी फळ्यावर तिच्या जागी चढण काढत होतो.

त्या दोन सुरांची गंमत सांगायलाच हवी. गतीमुळे प्रत्येक वारंवारता एकाच प्रमाणात बदलते, ठरावीक आकड्याने नव्हे. त्यामुळे दोन सुरांमधले नाते मोडत नाही. पेटीवर षड्ज-पंचम धरून ठेवावेत आणि कुणीतरी सगळी पट्टीच खाली सरकवावी, तसे ते होते. तालाचेही तेच. गाडीवर कुणी भजन करत बसले असेल, तर येताना त्याची लय किंचित द्रुत आणि जाताना किंचित विलंबित ऐकू येईल, आणि सूर जेवढ्या प्रमाणात वर-खाली झाला असेल नेमक्या तेवढ्याच प्रमाणात.

आता आकडे. शून्य अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो, म्हणून आपल्याकडच्या तीस अंशांच्या दुपारी तो सेकंदाला ३५० मीटर धरायला हरकत नाही. गाडी ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने येते आहे आणि तिच्या भोंग्याचा एक सूर ४०० हर्ट्झचा आहे असे समजू. येताना तो ४०० गुणिले ३५० भागिले ३२५ (३५० वजा २५), म्हणजे सुमारे ४३१ हर्ट्झ ऐकू येतो. जाताना भाजक ३५० अधिक २५, म्हणजे ३७५ होतो आणि सूर ३७३ हर्ट्झवर येतो. गाण्याच्या भाषेत बोलायचे, तर भोंग्याचा खरा सूर षड्ज मानल्यास गाडी कोमल रिषभाच्या थोडी वर येते, क्षणभर षड्जाला स्पर्श करते आणि शुद्ध निषादाच्या थोडे खाली जाऊन निघून जाते. मींड म्हणावी तर अगदी आटोपशीर, अडीच श्रुती नव्हे तर अडीच अर्धस्वरांची. विशेष म्हणजे भोंग्याचा खरा सूर ठाऊक नसला तरी येताना-जाताना ऐकलेल्या दोन सुरांवरूनच गाडीचा वेग काढता येतो: दोहोंमधील फरकाला दोहोंच्या बेरजेने भागायचे आणि ध्वनीच्या वेगाने गुणायचे. वरचे आकडे घालून पाहा, २५ च्या आसपास उत्तर येते.

सूर घसरायला किती वेळ लागतो हे आपण कुठे उभे आहोत यावर ठरते, आणि माझ्या मते डॉपलरच्या धड्यातला सर्वांत रसाळ भाग हाच असूनही पाठ्यपुस्तके त्याला हात लावत नाहीत. सुराच्या दृष्टीने गाडीचा सगळा वेग उपयोगाचा नसतो; आपल्या दिशेने तिचा जेवढा अंश येतो तेवढाच मोजायचा असतो. गाडी लांब असताना ती जवळजवळ सरळ आपल्याकडेच येत असते, म्हणून पूर्ण वेग लागू पडतो आणि सूर स्थिर राहतो. ती समोर आली की आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात धावते, त्या क्षणी आपल्याकडे येणारा वेग शून्य असतो. फलाटावर रुळांपासून तीन मीटरांवर उभे राहिलो, तर जवळपास नव्वद टक्के घसरण गाडीच्या शेवटच्या सहा मीटरांत आणि पुढच्या सहा मीटरांत उरकते. ताशी ९० च्या गाडीला तेवढ्याला अर्धा सेकंदच लागतो. म्हणून फलाटावर सूर धप्पकन पडल्यासारखा वाटतो. तळ्याच्या बांधावर रुळांपासून साठ मीटर दूर बसलो, तर तीच घसरण साडेनऊ सेकंदांवर पसरते आणि निवांत ऐकता येते. ज्याला हा परिणाम खरोखर ऐकायचा आहे त्याने फलाट सोडून लांब बसावे, असे मी आता मुलांना सांगतो. पालकांना त्यामागचे कारण सुरक्षिततेचे वाटते, तेही काही वाईट नाही.

आणखी एक बारकावा. बांधावर बसलेल्या माणसाला भोंग्याचा खरा सूर ऐकू येतो तो गाडी बरोबर समोर असताना नव्हे. समोरून निघालेला ध्वनी साठ मीटर कापून कानाशी पोचायला ०.१७ सेकंद घेतो, आणि तेवढ्यात इंजिन चार मीटर पुढे गेलेले असते. आपण ऐकतो ते नेहमीच थोडे जुने.

हे सगळे हवेत घडते कसे, ते समजावून सांगायला मला फेरीबोटीइतके सोयीचे साधन मिळालेले नाही. रायबंदर ते चोडण या फेरीत कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिले की दिसते ते असे. बोट धक्क्याला लागलेली असताना इंजिनाच्या थरथरीने तिच्याभोवती बारीक तरंग उठत असतात आणि चारही बाजूंना सारख्याच अंतराने पसरतात. मांडवीच्या शांत कडेला एखादे बदक हळूहळू पोहत असेल, तर त्याच्या पुढचे तरंग दाटीने एकमेकांजवळ आलेले आणि मागचे विरळ झालेले दिसतात. बदक प्रत्येक नवा तरंग थोडा पुढे सरकून सोडते, म्हणून पुढच्या बाजूला दोन तरंगांमधले अंतर आक्रसते. तरंग पाण्यावरून धावतात मात्र पूर्वीच्याच वेगाने, कारण तो वेग पाणी ठरवते, बदक नव्हे. हवेत नेमके हेच होते. गाडी ध्वनीला ढकलून वेगाने पाठवत नाही. ती तरंगांमधली जागा कमी करते, म्हणून कानावर दर सेकंदाला जास्त तरंग येऊन आदळतात आणि आपण तो वरचा सूर म्हणून ऐकतो. ‘गाडीचा वेग आवाजाच्या वेगात मिळवला जातो’ असे लिहिणारी मुले दरवर्षी सापडतात आणि त्यांना मी धक्क्यावर जाऊन बदके बघायला सांगतो.

बोट निघून वेग घेते तेव्हा चित्र पालटते. आता ती आपणच उठवलेल्या तरंगांपेक्षा जलद जाते, तरंगांना तिच्या पुढे जाता येत नाही आणि ते मागे पाचरीच्या आकारात साचत जातात. ध्वनीपेक्षा जलद जाणाऱ्या विमानामागे हवेत अशीच पाचर, किंबहुना शंकू, तयार होतो आणि तो जमिनीवरून सरकत आपल्यापर्यंत आला की धडाका ऐकू येतो. विमान ध्वनीचा वेग ओलांडते त्याच क्षणी एकदा स्फोट होतो ही समजूत चुकीची आहे. शंकू विमानाबरोबर सतत ओढला जात असतो आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला आपापल्या वेळी धडाका ऐकू येतो. दाबोळीला नौदलाची मिग जातीची लढाऊ विमाने असल्यामुळे आमच्या मुलांना या प्रश्नात विशेष रस असतो, पण रोज उतरताना-उडताना ऐकू येते ती त्यांची नेहमीची गर्जना, धडाका नव्हे.

ऐकणारा चालत असेल आणि वाजणारे स्थिर असेल तर? उत्तर साधारण तेवढेच येते, पण कारण निराळे असते आणि हा फरक सहसा पुसला जातो. आपण गाडीत बसून बाहेरच्या घंटेकडे जात असू, तर हवेतले तरंग मुळीच आक्रसलेले नसतात. आपणच धावत जाऊन ते लवकर लवकर गोळा करत असतो. ४०० हर्ट्झची घंटा ताशी ९० च्या गाडीतून येताना सुमारे ४२९ हर्ट्झ ऐकू येईल. घंटा गाडीवर आणि आपण जमिनीवर असतो तर ४३१. दोन हर्ट्झचा फरक कान सहज पकडणार नाही. वेग ध्वनीइतका झाला की मात्र दोन वाटा पार वेगळ्या होतात: ऐकणारा त्या वेगाने घंटेकडे गेला तर त्याला सूर फक्त दुप्पट, म्हणजे तार षड्जावर ऐकू येईल, आणि घंटाच त्या वेगाने आली तर सगळे तरंग एकावर एक रचले जाऊन सुराला अर्थच राहणार नाही. हवा हे माध्यम असल्यामुळे ‘कोण हलते आहे’ हा प्रश्न ध्वनीच्या बाबतीत खरा असतो.

ख्रिस्तियान डॉपलर हा साल्झबुर्गचा, जन्म १८०३ चा. २५ मे १८४२ रोजी त्याने प्रागमध्ये आपला निबंध वाचला तो मुळात गाडीविषयीही नव्हता आणि भोंग्याविषयीही नव्हता. जोडताऱ्यांच्या रंगांविषयी होता. तारे मुळात पांढरे असतात आणि गतीमुळे रंगीत दिसतात, असे त्याचे म्हणणे होते. तत्त्व बरोबर, उदाहरण चुकीचे: ताऱ्यांचा वेग प्रकाशाच्या मानाने इतका थोडा असतो की एवढ्याने तांबडा-निळा फरक पडत नाही. ही शंका उट्रेख्टच्या बाइस बॅलट या तरुण डच संशोधकालाही होती, आणि ती तपासायला त्याने १८४५ मध्ये जो प्रयोग केला तो मला विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत लोभस प्रयोगांपैकी एक वाटतो. उट्रेख्ट ते मार्सेन या लोहमार्गावर त्याने तुतारीवादकांना गाडीवर बसवले आणि रुळांच्या कडेला सूर ओळखणारे वादक उभे केले. फेब्रुवारीत हिवाळ्याने प्रयोगाचा विचका केला; जूनमध्ये तो साधला. वारंवारता मोजणारे हाताशी काही नव्हते, तेव्हा ज्याचा कान तयार तोच मापक. गाडीच्या बाबतीत डॉपलर खरा ठरला आणि ताऱ्यांच्या रंगांविषयी बाइस बॅलटने आपली असहमती कायम ठेवली. मोबाईलवर आलेख काढणाऱ्या माझ्यासारख्याला गाणे शिकणाऱ्या मुलीने चूक दाखवावी, यात त्या प्रयोगाची थोडी परतफेड आहे.

वाऱ्याविषयी मला दरवर्षी हमखास प्रश्न येतो. खारे वारे सुटले की पलीकडच्या तीरावरची घंटा स्पष्ट ऐकू येते आणि मतलई वाऱ्यात पुसट होते, मग सूरही बदलत असेल ना? नाही. घंटाही जागच्या जागी आणि आपणही जागच्या जागी असलो, तर वारा प्रत्येक तरंगाला सारखाच लवकर किंवा सारखाच उशिरा पोचवतो. दर सेकंदाला निघालेले तरंग आणि पोचलेले तरंग यांची संख्या एकच राहते. वारा करतो ते दुसरेच काम. जमिनीलगत त्याला अडथळे असतात म्हणून तिथे तो मंद आणि वर जोरकस असतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी खाली आपल्याकडे वळतो आणि वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा वर उचलला जातो. तापमानाचेही असेच. भर दुपारी तापलेल्या जमिनीजवळची हवा गरम असते, तिथे ध्वनी जलद जातो आणि वर वळून निसटतो. दिवेलागणीनंतर नदीच्या पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली की तोच ध्वनी पाण्याला धरून लांबवर जातो. रायबंदरला रात्री बसल्यावर चोडणच्या धक्क्यावरचे बोलणे शेजारच्या ओसरीवर चालल्यासारखे ऐकू येते ते यामुळे. मांडवीतल्या जहाजांवरचा रात्रीचा ढोलक्याचा ठोकाही यामुळेच ऐकू येतो; त्याविषयीचे माझे मत इथे लिहीत नाही.

रुग्णवाहिकेचे उदाहरण मी आता वर्गात देत नाही. तिचा भोंगा स्वतःच वर-खाली होत असतो. त्यातला कुठला चढ यंत्राचा आणि कुठला गतीचा हे मुलांनी ओळखावे तरी कसे?

डॉपलर हे नाव मात्र बहुतेकांच्या कानावर पडते ते इस्पितळातच. गेल्या वर्षी आईचा एक पाय सुजला, म्हणून डॉक्टरांनी शिरांचे कलर डॉपलर करायला सांगितले. अंधाऱ्या खोलीत तंत्रज्ञ बाईंनी पायाला थंड जेली लावून यंत्राचा दांडा टेकवला आणि पडद्यावर तांबडे-निळे पट्टे हलू लागले. मग त्यांनी एक बटण दाबले आणि खोलीत ‘हुश्श, हुश्श’ असा आवाज भरला. आईने विचारले, ‘‘निळे म्हणजे अशुद्ध रक्त काय रे?’’ बऱ्याच जणांचा असाच समज होतो. त्या रंगांचा रक्ताच्या शुद्धतेशी संबंध नसतो. दांड्याच्या दिशेने येणारे रक्त तांबडे आणि दूर जाणारे निळे दाखवायचे, असा केवळ संकेत आहे. दांडा दुसऱ्या बाजूला कलता केला की तीच शीर रंग बदलते, आणि बाईंनी ते आईला करूनही दाखवले. खगोलशास्त्रात नेमके उलट बोलतात, दूर जाणाऱ्याला तांबडे. पण हे आईला सांगण्याची ती वेळ नव्हती.

मला मोह पडला तो त्या ‘हुश्श’चा. यंत्राने पाठवलेला ध्वनी पन्नास लाख हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या फारच पलीकडचा. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. रक्तपेशींवर आदळून तो परत येतो तेव्हा बदल दोनदा होतो, एकदा पेशीला ऐकू जाताना आणि एकदा पेशीने परतवताना. रक्त सेकंदाला तीस सेंटिमीटर वेगाने वाहत असेल आणि दांडा साठ अंशांवर धरला असेल, तर पाठवलेल्या आणि परतलेल्या वारंवारतेतला फरक सुमारे ९७५ हर्ट्झ भरतो. ज्या ध्वनीला आपण ऐकू शकत नाही त्याच्यात पडलेला फरक बरोबर आपल्या गाण्याच्या टप्प्यात येतो, आणि यंत्र तो तसाच कर्ण्यातून वाजवते. दांडा शिरेला काटकोनात धरला तर रक्त वाहत असूनही फरक शून्य येतो. करमळीच्या तळ्यासमोरून इंजिन जाते तो क्षण आणि हा काटकोन एकच आहेत. म्हणूनच तंत्रज्ञ दांडा नेहमी तिरका धरतात. आईचे अहवाल सुदैवाने चांगले आले.

हाच तिरका दांडा समुद्रातही चालतो. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले संशोधक पश्चिम किनाऱ्यालगतचे प्रवाह मोजण्यासाठी जी यंत्रे पाण्यात नांगरून ठेवतात, ती तिरक्या दिशांनी ध्वनीचे ठोके सोडतात आणि पाण्याबरोबर वाहणाऱ्या सूक्ष्म जीवांवरून परतलेला प्रतिध्वनी ऐकतात. प्रतिध्वनीचा सूर वर असेल तर पाणी यंत्राकडे येते आहे, खाली असेल तर लांब चालले आहे. आणि किती उशिरा परतला यावरून तो किती खोलीवरचा ते कळते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहून वेगाने, सेकंदाला दीड हजार मीटरांच्या घरात जातो, हेही हिशेबात धरावे लागते. रात्री ते सूक्ष्म जीव पृष्ठभागाकडे वर येतात आणि पहाटे पुन्हा खोल उतरतात, ती त्यांची रोजची येजाही या यंत्रांना ऐकू येते.

फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत घालून अंतराळात पाठवला गेला, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगते. तिथे हवा नाही, म्हणून ध्वनी नाही; पण यानाच्या रेडिओलहरींना डॉपलरचा नियम लागू पडतोच आणि यानाचा वेग त्यावरूनच कळतो. पहिले व्हॉयेजर सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जाते आहे, तर पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. त्यामुळे दरवर्षी काही महिने आपणच त्याचा पाठलाग करून अंतर कमी करतो आणि तेवढे दिवस निघून गेलेल्या यानाचा संदेश येणाऱ्या गाडीसारखा वरच्या सुरात येतो.

राहिला पोदेर. आमच्या वाड्यावर सकाळी साडेसहाला पाववाला सायकलवरून येतो आणि रबरी भोंगा दाबतो, पोंक-पोंक. लहानपणापासून मला वाटत आले होते की तो वळणावरून येतो तेव्हा भोंगा वरचा आणि घरावरून पुढे गेला की खालचा वाजतो. हिशेब केला तेव्हा शंका आली. सायकल सेकंदाला चार मीटरांनी चालते असे धरले, तर येता-जाता मिळून सव्वादोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या स्वराचाही निम्मा नाही. कान तयार असेल तर तेवढा कळावा, पण मोजून बघायचे म्हणून सलग आठवडाभर मी मोबाईल घेऊन व्हरांड्यात उभा राहिलो. आलेखावर जे दिसले त्याने पंचाईत केली: रबरी फुगा जोरात दाबला तर सूर वर, हलका दाबला तर खाली, आणि एका पोंकमधला हा फरक मी शोधत असलेल्या फरकाहून मोठा. खरा सूर कोणता, हे ठरवायलाच काही जागा नव्हती. सातव्या दिवशी मला असा उभा बघून त्याने सायकलीला ब्रेक लावला, टोपलीवरचे प्लास्टिक बाजूला सारले आणि विचारले, ‘‘सर, कितें जाय, उंडे काय पोयो?’’ मी चार पोयो सांगितल्या आणि उभ्या सायकलवरच एकदा, बेताने, भोंगा दाबून दाखवायची विनंती केली. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि दाबला.